माल नंतर, कागद आधी

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

  

आम्ही वालचंदनगरजवळच्या एका बचत गटातल्या अकराजणी. माइकसमोर एकच बसली आहे, पण हे भाषण आम्ही साऱ्याजणींनी मिळून लिहिले. म्हणून 'आम्ही' म्हणतो. आजचा विषय आहे कस्टम. कस्टम म्हटले की डोळ्यांपुढे विमानतळ येतो आणि पकडलेले सोने येते. चटणी करणाऱ्या, शेवया वळणाऱ्या बायकांचा त्याच्याशी काय संबंध? मागच्या दिवाळीपर्यंत आम्हीही असेच म्हणत होतो.

तसे पाहिले तर आपल्या गावाचे आणि समुद्राचे नाते जुने आहे. ज्यांच्या नावाने हे वालचंदनगर, त्या वालचंद हिराचंदांची साखर आणि यंत्रे आपल्याला माहीत आहेत. पण त्यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी इंग्रजांच्या काळात आपल्या लोकांची जहाज कंपनीही उभी केली. त्या कंपनीची 'लॉयल्टी' नावाची बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाली. त्याची आठवण म्हणून 5 एप्रिल हा दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. म्हणजे नीरेच्या काठचे गाव असले तरी बोट आपल्याला परकी नाही. आज आपल्या भागातली द्राक्षे, डाळिंबे, केळी न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातात. आता कुठे कुठे गटांचा मसालाही जायला लागला आहे.

आमचाही गेला. त्याचीच गोष्ट आधी सांगतो.

अमेरिकेत न्यू जर्सीत एक मराठी जोडपे किराणा दुकान चालवते. दुकान छोटेच. ती ताई मूळची फलटणकडची. वर्षातून तीन-चार वेळा ती भारतातून माल मागवते. पूर्ण कंटेनर भरेल एवढी तिची मागणी नसते. चार जणांच्या मालाबरोबर एका कोपऱ्यात तिची खोकी जातात. पुण्याच्या एका निर्यात व्यापाऱ्यामार्फत तिने आमची चाळीस खोकी घेतली. कांदा-लसूण चटणी आणि शेवया. दिवाळीला दुकानात लागायला हवीत, एवढेच तिचे सांगणे.

माल वेळेत तयार झाला. टेम्पो पुण्याला गेला. आम्ही हुश्श केले. आणि गौरी आवाहनाच्या दिवशी मोबाइलवर एक तक्ता आला. हा माल कोणी बनवला, कुठे बनवला, कशाचा बनवला, कंटेनरमध्ये कुठे भरला. खाली लिहिले होते, लगेच पाठवा. आता गौरी घरात, पुरण शिजतेय, माहेरवाशिणी आलेल्या. कोण बघतो? चौथ्या दिवशी गौरी-विसर्जन झाल्यावर एकीने दहा मिनिटांत भरून पाठवून दिला.

त्या दहा मिनिटांत आम्ही तीन चुका केल्या.

पहिली चूक. आपल्याकडे चटणी म्हणजे तिखट, कोरडा मसाला. आम्ही इंग्रजीत 'चटणी' एवढेच लिहिले. तिकडे चटणी म्हणजे बाटलीतले आंबट-गोड, सॉससारखे. कस्टमच्या पुस्तकात मसाला एका प्रकरणात आणि सॉस दुसऱ्याच प्रकरणात. व्यापाऱ्याच्या बिलावर मसाला, आमच्या तक्त्यात चटणी.

दुसरी चूक. शेवया आमच्या नव्हत्या. आमच्याकडे मनुष्यबळ कमी पडले म्हणून शेजारच्या गावातल्या गटाकडून करून घेतल्या होत्या. पण तक्त्यात 'बनवणारे' म्हणून सगळीकडे आमचेच नाव. त्यात लबाडी नव्हती. आम्हाला वाटले, पैसे आपण दिले, म्हणजे माल आपला.

तिसरी चूक. 'कंटेनर कुठे भरला' याला आम्ही आमच्या शेडचा पत्ता दिला. शेडमध्ये आम्ही खोकी भरली होती. कंटेनर आम्ही पाहिलाही नाही. तो भरला बंदराजवळ, उरणकडच्या एका गोदामात.

आणि या तिन्हींच्या वर चौथी चूक, उशीर. माल जहाजावर चढला तरी त्याची माहिती तिकडे धड पोचलेली नव्हती.

पुढे काय झाले? अमेरिकेच्या बंदरात तो कंटेनर तपासणीसाठी बाजूला काढला. का काढला, हे कस्टमवाले सांगत नसतात. पण उशिरा आलेली आणि एकमेकींशी न जुळणारी माहिती पाहिली की संशय येणारच. आपल्या चाळीस खोक्यांबरोबर बाकीच्यांचाही माल अडकला. तपासणीचा खर्च, गोदामाचे दिवसाचे भाडे, सगळे दुकानदार ताईच्या अंगावर. दंड झाला नाही, ताकीदीवर निभावले. पण खर्च आमच्या बिलाच्या निम्म्याच्या वर गेला. आणि माल दुकानात पोचला तेव्हा तुळशीचे लग्न लागून गेले होते.

तिचा रात्री फोन आला. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "ताई, मी तुम्हाला चार ओळीच विचारल्या होत्या हो."

गटाची बैठक बसली. एकजण म्हणाली, हे काम व्यापाऱ्याचे, आपण का ऐकून घ्यायचे? दुसरी म्हणाली, अमेरिकेचा कायदा आपल्याला कुठला माहीत असायला? शेवटी आमच्यातली सगळ्यात वडीलधारी काकू बोलली. ती दोनच यत्ता शिकलेली आहे. म्हणाली, "कायदा नसेल माहीत. पण शेवया कोणी वळल्या हे तर माहीत होते ना?" त्यावर कोणी काही बोलले नाही. पुढच्या बिलातून आम्ही 6,000 रुपये आपणहून कमी केले. ताईचे गिऱ्हाईक टिकले. पण त्यानंतर ठरवले की हे काय प्रकरण आहे ते नीट समजून घ्यायचे. पुण्यातल्या एका कस्टम ब्रोकरकडे दोघीजणी जाऊन बसल्या, विचारून विचारून लिहून आणले. तेच आज तुम्हाला सांगतो.

अमेरिकेत समुद्रमार्गे माल मागवणाऱ्याला तो माल जहाजावर चढायच्या आधी कस्टमला माहिती द्यावी लागते. त्याला म्हणतात इम्पोर्टर सिक्युरिटी फायलिंग. व्यापारी लोक 'टेन प्लस टू' म्हणतात, म्हणजे दहा आणि दोन. दहा गोष्टी माल मागवणाऱ्याने सांगायच्या, दोन जहाज कंपनीने. हा नियम 26 जानेवारी 2009 पासून लागू झाला. आपला प्रजासत्ताक दिन, त्यामुळे तारीख लक्षात राहते. दुकान छोटे की कंपनी मोठी, नियम एकच.

या दहा गोष्टी कशा लक्षात ठेवायच्या? हात पुढे करा. आठ बोटे आणि दोन अंगठे.

डाव्या हाताची चार बोटे. करंगळी, माल विकणारा कोण. दुसरे बोट, विकत घेणारा कोण. तिसरे, माल मागवणाऱ्याचा तिकडचा सरकारी नंबर. चौथे, ज्याच्याकडे माल जाणार त्याचा नंबर. हे हात व्यापाऱ्याचे आणि दुकानदाराचे.

उजव्या हाताची चार बोटे. करंगळी, माल बनवणारा कोण, नाव आणि पत्ता. दुसरे, उतरल्यावर माल कुठे पोचवायचा. तिसरे, कोणत्या देशात बनला. चौथे, मालाचा कोड नंबर.

या आठ गोष्टी अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर माल चढण्याच्या 24 तास आधी तिकडच्या कस्टमकडे पोचायला हव्यात.

आता दोन अंगठे. एक, कंटेनर कुठे भरला. दोन, कोणी भरला. हे थोडे नंतर चालते, पण जितके लवकर होईल तितके चांगले. जहाज तिकडे पोचण्याच्या 24 तास आधी, ही शेवटची मुदत.

चुकले किंवा राहिले तर एका चुकीला 5,000 डॉलरपर्यंत भुर्दंड पडू शकतो. आपल्या रुपयांत चार लाखांच्या वर. तो भरायचा माल मागवणाऱ्याने, आपण नाही. पण छोट्या दुकानदाराला असा एक फटका बसला की तो पुन्हा आपल्याकडे वळत नाही. मोठ्या कंपनीकडे या कामाला माणसे असतात. छोट्याकडे तो स्वतः, त्याची बायको आणि आपण. म्हणून त्याची फायलिंग ही निम्मी आपल्या अंगणात भरली जाते, असे समजा. बनवणारा कोण, कशाचा माल, कुठला, हे आपल्याशिवाय खरे कोण सांगणार?

कोड नंबरचे थोडे सांगतो, कारण त्याची भीती फार वाटते. जगातल्या प्रत्येक मालाला एक नंबर आहे. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे असतात, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले. ताजी द्राक्षे 0806.10. हळद 0910.30. मिरचीची पूड 0904.22. मिसळलेले मसाले 0910.91. नंबर कोणता लावायचा, हे ब्रोकरने ठरवायचे. आपले काम एवढेच की पदार्थात काय काय आहे, किती आहे, कोरडा की ओला, हे खरे खरे सांगायचे. 'खाद्यपदार्थ' किंवा 'घरगुती वस्तू' असे मोघम लिहायचे नाही. 'मिरची, कांदा, लसूण, धने, खोबरे घालून केलेला कोरडा मसाला, अर्ध्या किलोच्या पिशव्या' असे लिहायचे.

खाण्याच्या मालाला अमेरिकेत आणखी एक वेगळी पूर्वसूचना लागते, त्यांच्या अन्न आणि औषध खात्याची. जहाजाने जाणाऱ्या मालाची ही सूचना माल पोचण्याच्या निदान 8 तास आधी जावी लागते. माल जिथे बनतो त्या कारखान्याची किंवा शेडची त्या खात्याकडे नोंदणी लागते आणि ती दर सम वर्षी, म्हणजे 2024, 2026 असे, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नव्याने करावी लागते. त्या नोंदणीला सरकारी फी नाही. कोणी फीच्या नावाने पैसे मागितले तर पावती कशाची, ते विचारा.

आता तुम्ही विचाराल, एवढा सगळा खटाटोप कशासाठी? चटणीत काय बॉम्ब असतो का?

चटणीत नसतो. पण बंद कंटेनर बाहेरून सगळे सारखेच दिसतात. अमेरिकेवर 11 सप्टेंबर 2001 ला हल्ला झाला, त्यानंतर बंदरांचा विचार सुरू झाला, 2006 मध्ये तिकडे बंदरांच्या सुरक्षेचा कायदा झाला आणि त्यातून हा नियम निघाला. त्याचा मसुदा पक्का होऊन तिकडच्या राजपत्रात छापला गेला तो दिवस होता 25 नोव्हेंबर 2008. दुसऱ्या दिवशी काय झाले, हे महाराष्ट्रातल्या बाईला सांगायला नको. 26 नोव्हेंबर. मुंबईवरचे हल्लेखोर समुद्रातूनच आले होते. त्याआधी 1993 मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स उतरवले गेले. ही दोन्ही कामे लहान बोटींतून झाली, कंटेनरमधून नाही. तरी समुद्रातून दाराशी काय येतेय हे आधी कळावे असे एखाद्या देशाला का वाटते, ते आपल्याला समजू शकते.

अमेरिकेपुरतेच हे नाही. युरोपच्या देशांनीही 3 जून 2024 पासून जहाजाने येणाऱ्या मालासाठी टप्प्याटप्प्याने नवी पद्धत आणली आहे. तिथेही माल चढण्याआधी कंटेनरची माहिती द्यावी लागते, सहा आकडी कोड लागतो, विकणारा-घेणारा कोण ते लागते, आणि मोघम वर्णन चालत नाही. आपल्या इंदापूर-बारामतीच्या द्राक्ष बागायतदारांना हे फारसे जड जात नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी 2006 पासून ग्रेपनेटवर बागेची नोंदणी आहे. कोणत्या बागेचा माल कोणत्या पेटीत, हे त्यांना सांगताच येते. ज्या घरात ही वही आधीपासून आहे त्या घरातल्या सुनेला गटाची वही ठेवायला वेगळे शिकवावे लागणार नाही.

आता उलटी बाजू पाहू. समजा, माल आपणच बाहेरून मागवला. एखाद्या गटाने वाळवणाचे यंत्र किंवा पॅकिंगचे मशीन परदेशातून आणायचे ठरवले. मग आपणच छोटे आयातदार झालो.

त्यासाठी पहिला लागतो आयात-निर्यात कोड, त्याला आयईसी म्हणतात. विदेश व्यापार महासंचालनालयाकडे ऑनलाइन मिळतो, पॅनवर मिळतो, फी 500 रुपये. एकदा काढला की झाले असे नाही. काही बदल नसला तरी दर वर्षी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत त्याची माहिती ऑनलाइन ताजी करावी लागते, नाहीतर कोड बंद पडतो.

दुसरे, बिल ऑफ एंट्री. माल काय, किती, किमतीला किती, कोड कोणता, हे सगळे त्यात असते. 2021 पासून आपल्या सीमाशुल्क कायद्यात असे झाले आहे की जहाज बंदरात येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत हे दाखल व्हायला हवे. शेजारच्या काही देशांतून येणाऱ्या मालाला थोडी सवलत आहे, पण मशीन दुरून येत असेल तर आदला दिवस धरूनच चला. त्यात रविवार आला, सण आला, तरी दिवस मोजला जातो. उशीर झाला तर पहिले तीन दिवस दिवसाला 5,000 रुपये आणि पुढे दिवसाला 10,000 रुपये. लाख-दीड लाखाच्या मशीनला आठ दिवसांचा उशीर म्हणजे हिशोब तुम्हीच करा. तीन दिवसांचे 15,000, पाच दिवसांचे 50,000. पासष्ट हजार रुपये, ते कागद उशिरा दिल्याचे. बंदरातले भाडे वेगळेच.

म्हणून मशीनचे पैसे पाठवायच्या आधी परवाना असलेला कस्टम ब्रोकर गाठा. त्याला आधी विचारा, कोड कोणता, कर किती, कोणते कागद, किती दिवस आधी. विक्रेत्याचे बिल आणि पॅकिंगची यादी माल निघायच्या आधी हातात घ्या. जहाज निघाल्यावर नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे. हात काम करत असतील तर क्षणभर थांबवून ऐका.

मागच्या वर्षी आमच्याकडे एकजण आला होता. कपडे चांगले, बोलणे गोड. म्हणाला, "ताई, तुमच्या नावाने आयईसी काढून देतो. पॅन, आधार आणि बँकेचा एक रद्द चेक द्या. माल आमचा, भांडवल आमचे, धावपळ आमची. तुम्ही फक्त सही करायची. दर कंटेनरमागे घरबसल्या पैसे." आमच्यातल्या दोघीतिघींना मोह झाला. खोटे कशाला सांगू, सगळ्यांनाच थोडा झाला.

पण चाळीस खोक्यांनी शिकवले होते. कस्टमच्या कागदावर ज्याचे नाव, त्याला ते आधी विचारतात. सप्टेंबर 2021 मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात दोन कंटेनर उघडले. कागदावर लिहिले होते टाल्कचे दगड. आत निघाले 2,988 किलो हेरॉईन. आणि कागदावर आयातदार म्हणून नाव होते विजयवाड्यातल्या एका छोट्या पेढीचे. एवढा मोठा माल आणि नाव छोटे. तपास करणारे सगळ्यात आधी त्याच नावाच्या दारात जातात.

आम्ही त्या माणसाला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितले. पुन्हा तो आला नाही.

मैत्रिणींनो, आपले नाव हे आपल्या मंगळसूत्रासारखे आहे. लग्नघरी घालायला शेजारणीला एखादा दागिना आपण देऊ. मंगळसूत्र देत नाही. पॅन, आधार, सही आणि आयईसी ही चार कोणालाही उसनी द्यायची नाहीत. नवऱ्याच्या मित्राला नाही, गावच्या पुढाऱ्याला नाही, गटाच्या जुन्या ओळखीच्यालाही नाही.

जाता जाता आम्ही आता काय करतो ते सांगतो. फार काही नाही. एक वही केली आहे, लाल पुठ्ठ्याची. परगावी माल निघाला की त्या वहीत एक पान. कोणत्या तारखेला बनवला, कोणी बनवला, दुसऱ्या गटाकडून घेतला असेल तर त्यांचे नाव आणि पत्ता, पदार्थात काय काय घातले, किती खोकी, एका खोक्याचे वजन, टेम्पो कुठे गेला. कंटेनर भरणाऱ्या गोदामाचे नाव व्यापाऱ्याला फोन करून विचारून लिहितो. माल टेम्पोत चढायच्या आधी पान पूर्ण झाले पाहिजे, हा आमचा नियम. पान कोरे असेल तर टेम्पो थांबतो. आणि दोघींच्या मोबाइलमध्ये पानाचा फोटो असतो, म्हणजे एकीच्या घरी गौरी बसल्या तरी दुसरी पाठवू शकते.

जे माहीत नाही तिथे आम्ही अंदाजाने काही लिहीत नाही. 'विचारून कळवतो' असे लिहितो आणि त्याच दिवशी विचारतो.

या दिवाळीला त्याच ताईने साठ खोकी मागवली. तक्ता आला तेव्हा आमच्याकडे पान तयार होते. शेवयांपुढे शेजारच्या गटाचे नाव लिहिले. त्या गटातल्या बायकांना ते वाचून दाखवले, तेव्हा त्यातली एक म्हणाली, "आमचे नाव अमेरिकेला जाणार?" आम्ही म्हटले, जाणार, आणि मालाच्या आधी जाणार.

वसुबारसेच्या संध्याकाळी ताईने दुकानातला फोटो पाठवला. फळीवर आमच्या पिशव्या लावलेल्या होत्या. वडीलधाऱ्या काकूने चष्मा लावून तो फोटो मोठा करून पाहिला आणि विचारले, "लेबलवर मसालाच लिहिलंय ना?"

लिहिलेय, काकू. मसालाच लिहिलेय.

काही शंका असतील तर गटाच्या बैठकीत बोला, लिहून रेडिओ केंद्रावर द्या. आम्हाला येत असेल ते सांगू, नसेल ते विचारून कळवू.